नेहमीचं वाक्य

"तिपण्णा, मी काय म्हणालो होतो ते सांग. माझ्या तोंडचं, जसंच्या तसं."

हणमंत म्हेत्रेने हे विचारलं आणि मी टाइपरायटरवरची बोटं उचलून थांबले, कारण उत्तर मलाच टाइप करायचं होतं. तिपण्णा माझ्यापासून चार हातांवर, खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता. त्याने आधी रेगेसाहेबांकडे बघितलं, मग वरच्या पंख्याकडे, आणि म्हणाला, "कागदात आहे तेच."

"कागद इंग्रजीत आहे. तुला येतं इंग्रजी?"

"कागदात आहे तेच," तिपण्णा पुन्हा म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

मी खटाखट टाइप केलं. मराठीत बोलायचं आणि कागदावर इंग्रजीत उतरवायचं, ही तिथली रीतच होती. एकोणीसशे शहाऐंशीचा मे महिना, सोलापूरच्या बाहेरची सूतगिरणी, आणि मी तिथली टायपिस्ट, उमा हंचाटे. वय सव्वीस. गिरणीत इंग्रजी येणारी बाई मी एकटी, आणि ते मी कुणाला विसरू द्यायची नाही. आता सांगायला काय हरकत आहे, भलतीच तोरेबाज होते मी.

चौकशी हणमंताची चालली होती. तो रिंग फ्रेमवर होता, म्हणजे सूत काततात त्या लांबलचक मशीनवर. सहा तारखेला दुपारपाळीत पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी पडली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत तर भट्टीच. हणमंत मशीन सोडून बाहेर गेला, त्याच्या मागोमाग तीस-पस्तीस जण गेले, आणि खातं दोन तास बंद पडलं. मॅनेजरसाहेब संतापले. दुसऱ्या दिवशी पाच कामगारांना बोलावून निवेदनं घेतली गेली. त्या पाचही निवेदनांत एक वाक्य होतं: ही प्रोव्होक्ड द फीलिंग्ज ऑफ द वर्कर्स अँड इन्स्टिगेटेड देम टु स्टॉप वर्क. म्हणजे, याने कामगारांच्या भावना भडकवल्या आणि त्यांना काम बंद करायला चिथावलं.

परवानगीशिवाय मशीन सोडलं तर ताकीद मिळते, फार तर चार दिवस घरी बसवतात. पण दुसऱ्यांना भडकवलं, हे शाबित झालं की नोकरी जाते. आणि हणमंताची नोकरी गेली असती तर विम्याचं कार्डही गेलं असतं. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ होती. चार जूनला विम्याच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं, कारण दवाखान्याला द्यायचं गिरणीचं पत्र मीच टाइप केलं होतं. निवेदनं टाइप केली त्याच मशीनवर, त्याच आठवड्यात.

चौकशी अधिकारी म्हणून सोलापूरहून नाडगौडा वकील आले होते. माणूस सरळ वाटत होता, पण त्यांची दाढ ठणकत होती. लवंगेचं तेल लावलेला रुमाल तोंडाला धरून ते सकाळपासून बसले होते आणि त्या रुमालाआडूनच प्रश्न विचारत होते. गिरणीच्या बाजूने रेगेसाहेब, आमचे लेबर ऑफिसर. हणमंताच्या बाजूने कोणीच नाही. त्याला सोबतीला एक कामगार घेता आला असता, पण कोण येणार? तो एकटाच उभा राहून प्रत्येक साक्षीदाराला तो एकच प्रश्न विचारत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार साक्षी झाल्या आणि चौघांनीही सांगितलं, कागदात आहे तेच. पाचवी साक्ष गुरुसिद्ध अण्णांची, ती दुपारी होती.

आता माझं आणि हणमंताचं काय होतं, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दोन महिन्यांपूर्वी गेटजवळच्या फळ्यावर मी रजेची नोटीस लावत होते. नोटीस इंग्रजीत. हणमंत पाळी सुटून येत होता. त्याने विचारलं, बाई, काय लिहिलंय ते सांगा की. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, वाचता येत नसेल तर शिकून या. खरं तर सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. हणमंत काही चिडला नाही. मागे पंधरा-वीस माणसं उभी होती, त्यांच्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "बाईंचं इंग्रजी आमच्या चार नंबरच्या मशीनसारखं आहे बघा. आवाज फार, सूत कमी."

गेट दणाणून गेलं हसण्याने. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, सूत कमी. मी कॅन्टीनसमोरून जायला लागले की कोणीतरी हळूच म्हणायचं, सूत कमी आलं. सायकल स्टँडवर कोणीतरी खडूने लिहूनही ठेवलं होतं. घरी जाऊन मी रडले, खोटं कशाला बोलू. इतकी मेहनत करून, रात्रशाळेत जाऊन, वह्या भरभरून मी इंग्रजी शिकले होते, आणि एका अडाणी माणसाने एका वाक्यात त्याचं भजं केलं. असा राग आला होता की सांगता सोय नाही.

म्हणून त्या सकाळी चौघांनी "कागदात आहे तेच" म्हटलं तेव्हा मला आतून बरंच वाटत होतं. घे, म्हणत होते मनात. आवाज फार ना? ऐक आता.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या निवेदनाच्या पहिल्या पानावर सही राहिली आहे. मी कागद घेऊन बाहेर गेले. अण्णा व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरे बसून भाकरी खात होते. मी हाक मारली, अण्णा. ते भाकरी मोडत राहिले. मी जवळ जाऊन मोठ्याने म्हणाले, "अण्णा, सही राहिली." तरी नाही. शेवटी खांद्याला हात लावला तर केवढ्याने दचकले. मग घाईघाईने म्हणाले, "होय, होय, ऐकलं की." आणि डोळे माझ्या ओठांवर लावून बसले.

मी न बोलता कागदावर बोट ठेवलं. त्यांनी सही केली. न वाचता.

चोवीस वर्षं रिंग फ्रेमच्या आवाजात काढलेला माणूस तो. खात्यात सगळेच ओठ बघून बोलतात, तिथे कान लागतच नाहीत. त्यामुळे अण्णांचं आजवर निभावलं होतं. पण वरच्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. आणि या माणसाच्या निवेदनात मी टाइप करून ठेवलं होतं की त्याने हणमंताचं भडक बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

 मी तशीच कडुनिंबाखाली गेले. हणमंत तिथल्या माठातलं पाणी पीत होता. त्याने मला बघून तांब्या खाली ठेवला आणि बाजूला सरकला, मला पाणी घ्यायचं असेल म्हणून. त्याच्याशी मी त्या नोटिशीच्या दिवसानंतर एक शब्द बोलले नव्हते. का बोलले त्या दिवशी, मलाही नीट सांगता येत नाही.

"अण्णांना ऐकू येत नाही," मी म्हणाले. "त्यांच्या कागदात ऐकलं म्हणून लिहिलंय. तुम्ही हे वकिलांना दाखवून द्या. तो कागद खोटा पडला की बाकीचेही पडतील."

त्याने माझ्याकडे बघितलं. हा कुठला नवीन डाव, असं त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"मला माहीत आहे, बाई," तो म्हणाला. "अख्ख्या खात्याला माहीत आहे. त्यांची नोकरीची दोन वर्षं राहिलीत."

"आणि तुमची?"

"माझं मी बघतो. तुम्ही त्यांच्या कानाचं कुठं बोलू नका. एवढं करा माझ्यासाठी."

एवढं करा माझ्यासाठी. हे मला म्हणत होता तो. भोंगा झाला, तो आत गेला, आणि मी तिथेच उभी राहिले. मला माझी लाज वाटत होती आणि त्याचा रागही येत होता. का असा वागतोस बाबा, बायको मरेल ना तुझी, असं त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं.

दुपारी दोनला अण्णा खुर्चीत येऊन बसले. हात मांडीवर, टोपी हातात. नाडगौडा वकिलांच्या दाढेचा ठणका आणखी वाढला होता. त्यांनी रुमाल तोंडाला दाबून धरला, डोकं कागदात घातलं आणि विचारलं, हे निवेदन तुम्हीच दिलंत का?

अण्णांना त्यांचे ओठ दिसत नव्हते. ते म्हणाले, "होय साहेब."

आरोपीचं बोलणं तुम्ही स्वतः ऐकलं का?

"होय साहेब."

मी टाइप करत होते. मागे भिंतीला लागून उभे असलेले आठ-दहा कामगार श्वास रोखून बघत होते. तिपण्णाने डोळे मिटले होते. ते मला आजही दिसतं.

तुम्ही त्या वेळी आरोपीपासून किती अंतरावर उभे होता?

"होय साहेब," अण्णा म्हणाले.

वकिलांनी मान वर केली. रुमाल तसाच. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा जोरात. अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. ते वकिलांच्या डोळ्यांकडे, भुवयांकडे, रुमालाकडे बघत होते. कुठून तरी काही कळेल म्हणून.

"होय साहेब."

"अहो, मी काय विचारतोय? तुम्हाला ऐकू येतं ना?"

"होय साहेब."

 रेगेसाहेब अर्धवट उठले आणि म्हणाले, साक्षीदार वयस्कर आहे, जरा घाबरलाय. वकिलांनी त्यांना हाताने बसवलं. मग हणमंताकडे वळले. रुमाल बाजूला घेऊन, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाले, "म्हेत्रे, ही शेवटची साक्ष आहे. या साक्षीदाराला तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा. नीट विचार करा."

वकिलांना कळलं होतं. ते त्याला वाटच दाखवत होते. एक प्रश्न, तोही पाठ फिरवून विचारला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. हणमंताने अण्णांकडे बघितलं. अण्णांना आता त्याचे ओठ दिसत होते.

"मला काही विचारायचं नाही, साहेब."

"नक्की?"

"नक्की."

वकिलांनी नि:श्वास टाकला आणि मला सांगितलं, लिहा बाई, आरोपीला उलटतपासणी करायची नाही. पुरावा संपला.

तीन-चार शब्दांचं वाक्य. हजार वेळा टाइप केलेलं. मी बोटं ठेवली आणि ती खाली जाईनात. बाई, लिहिताय ना, वकिलांनी विचारलं. मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज झाला, आणि अण्णा सोडून सगळे दचकले.

"साहेब, हे अण्णा बोललेच नव्हते," मी म्हणाले. "हे वाक्य पाचांपैकी कोणीच बोललं नव्हतं."

रेगेसाहेब म्हणाले, बाई, खाली बसा. आवाज थंड होता, पण मान लाल झालेली. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठले नसते. माझी टिपणाची वही टाइपरायटरच्या शेजारीच होती. निवेदनं घेताना माणूस जे मराठीत बोलेल ते मी तिच्यात पेन्सिलने जसंच्या तसं उतरवून घ्यायची आणि मग इंग्रजीत टाइप करायची. मी सात तारखेची पानं उघडली आणि वाचायला लागले. पहिली ओळ मी दोनदा वाचली.

तिपण्णा: टाकीत पाणी नव्हतं. हणमंता बाहेर गेला. मला तहान लागली होती, मी पण गेलो. दुसरा: मी बाकीचे गेले म्हणून गेलो, का गेले ते ठाऊक नाही. तिसरा: टँकर मॅनेजरसाहेबांच्या बंगल्याच्या बागेकडे गेला असं कोणीतरी म्हणत होतं, बघायला गेलो. चौथा: मला चक्कर येत होती. आणि शेवटी अण्णा. हणमंता माझ्याकडे वळून म्हणाला, मी पाणी बघून येतो, तुमचं तुम्ही बघा.

तुमचं तुम्ही बघा. यात कोण कुणाला भडकवतंय?

वकिलांनी वही मागून घेतली. पानं चाळली. मग पाचही निवेदनं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येकातल्या त्या एका ओळीवर पेन्सिलचं टोक टेकवत गेले. पाच कागद, शब्दाला शब्द तेच. सकाळपासून ते पाचही कागद त्यांच्या हातात होते. पण शेजारी शेजारी ठेवून बघायची गरज कोणालाच पडली नव्हती.

"मग हे वाक्य आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

रेगेसाहेब ताडकन म्हणाले, "मी बाईंना फक्त एवढंच म्हटलं होतं, नेहमीचं घाला."

मागच्या भिंतीकडून चुकचुकल्याचे आवाज आले. कोणीतरी खोकलं. साहेब आता बाईवर ढकलतायत, असं सगळ्यांनी धरलं.

"बाई, हे वाक्य कोणाचं?" वकिलांनी मला विचारलं.

"माझं."

"साहेबांनी सांगितलेलं?"

"नाही. माझं मीच घातलं. साहेब खरं बोलतायत."

आणि पहिल्या कागदापुरतं तरी साहेब खरंच खरं बोलत होते. नेहमीचं वाक्य वेगळं होतं. मशीन सोडण्याच्या प्रत्येक प्रकरणात ते घालायचो: परवानगीशिवाय कामाची जागा सोडली. बस्स. तेवढंच घातलं असतं तर हणमंताला ताकीद मिळाली असती आणि विषय संपला असता. पण माझ्याकडे एक लाल पुठ्ठ्याची वही होती. रात्रशाळेपासून मी तिच्यात एकेक इंग्रजी क्रियापद घेऊन त्याची पाच-पाच वाक्यं करायची. प्रोव्होकची पाच मला तोंडपाठ होती. मुलांनी कुत्र्याला डिवचलं. त्याच्या बोलण्याने हशा पिकला. तिच्या गप्प राहण्याने तो चिडला. प्रश्नाने विचाराला चालना दिली. आणि पाचवं वर्तमानपत्रातून उतरवलेलं, भाषणाने लोकांच्या भावना भडकल्या. एवढं सुंदर क्रियापद, कुठेही बसणारं, आणि गिरणीत ते वापरायची वेळच येत नव्हती. सात तारखेला तिपण्णाचा कागद टाइप करताना हणमंताचं नाव आलं. माझ्या कानात सूत कमी, सूत कमी सुरू झालं, आणि पाचवं वाक्य हातातून आपोआप उतरलं. बघ म्हटलं, किती सूत आहे ते.

रेगेसाहेबांनी तो पहिला कागद वाचला. चष्मा काढला. पुन्हा वाचला. म्हणाले, वा, बाई, जोरदार वाक्य आहे, मॅनेजरसाहेब खूश होतील, बाकीच्यांतही हेच घाला. मी फुलून गेले. शाबासकी मिळाली ना. त्या वाक्याने माणसाची नोकरी जाते, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी आरोपपत्र टाइप करताना कळलं. तेव्हा बोलायचं होतं. मी नाही बोलले. तेव्हाही मला सायकल स्टँडवरचा खडू दिसत होता.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं नाही. "माझं" एवढंच म्हणाले. आणि गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, माझ्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. बाहेर आले तर कामगार बाजूला होऊन वाट देत होते. तिपण्णाने हात जोडले. साहेबाचं पाप अंगावर घेतलं बाईने, असं संध्याकाळपर्यंत गिरणीभर झालं. सायकल स्टँडवरची अक्षरं कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकली होती. मी ती पुसलेली जागा बघितली. अहो, पुसू नका हो, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

नाडगौडा वकिलांनी अहवालात लिहिलं की भडकवल्याचा आरोप शाबित होत नाही. हणमंताला ताकीद आणि चार दिवसांची सक्तीची रजा मिळाली. चार जूनला त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. अण्णांच्या कानाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. दोन वर्षं पूर्ण करून, हार घालून घेऊन ते घरी गेले.

मी टेम्पररी होते. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर तीन वर्षं काढलेली, आणि जुलैत कायम होणार होते. जूनच्या शेवटी रेगेसाहेबांनी मला बोलावलं. एक पत्र टाइप करायचंय, म्हणाले. कोणाच्या नावे, मी विचारलं. तुमच्या. मी कागद चढवला आणि मजकूर विचारला. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "नेहमीचं घाला."

मी नेहमीचंच घातलं. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. त्यांनी सही केली. या खेपेला मात्र आधी पूर्ण वाचून.

पुढे मी सोलापुरात एक खोली भाड्याने घेऊन टायपिंगचे वर्ग सुरू केले. सहा मशीनं, सगळी जुनी. बरं चाललं. हणमंत मला नंतर दिसला नाही, आणि मीही गिरणीच्या रस्त्याला कधी गेले नाही. आठ वर्षांनी एका दुपारी तो दारात उभा. केस पांढरे झालेले, बरोबर त्याची सतरा-अठरा वर्षांची मुलगी. रेणुका तिचं नाव. बारावी झाली होती आणि तिला टायपिंग शिकायचं होतं.

मी तिला एका मशीनवर बसवून कागद कसा चढवायचा ते दाखवलं आणि हणमंताला पाणी दिलं. तो खुर्चीत अवघडून बसला होता. माझ्याबद्दल त्याच्या मनात केवढा आदर होता ते त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं, आणि तोच मला सोसवेना. बायको बरी आहे, म्हणाला. अण्णा मागच्या वर्षी गेले, म्हणाला. मग जरा लाजत म्हणाला, बाई, एक विचारायचं राहूनच गेलं बघा. त्या कागदात माझ्याबद्दल जे लिहिलं होतं, त्याचा मराठीत अर्थ काय?

मी सांगितला. कामगारांच्या भावना भडकवल्या.

तो हसायलाच लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अहो, मला तसं करता येत असतं," तो म्हणाला, "तर पाणी त्याच दिवशी आलं असतं की."

तो हसला नसता तर मी गप्प राहिले असते, नक्की. आठ वर्षं राहिलेच होते. पण तो इतकं मोकळं हसत होता आणि मी त्याच्यापुढे चोरासारखी बसले होते.

"हणमंतराव, ते वाक्य खरंच माझं होतं," मी म्हणाले. "साहेबांनी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला गेटवर सूत कमी म्हणालात, त्याचा राग होता. मी मुद्दाम घातलं."

त्याचं हसू हळूहळू गेलं. पलीकडे रेणुका एकेका बोटाने अक्षरं ठोकत होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"चार तारखेला ऑपरेशन होतं, बाई."

"माहीत होतं मला. ते पत्रही मीच टाइप केलं होतं."

 तो उरलेलं पाणी प्याला, पेला नीट टेबलावर ठेवला, आणि मुलीला म्हणाला, चल. दारात तिने विचारलं, बाई, उद्या किती वाजता येऊ? मी म्हणाले, सकाळी सातला. हणमंत मागे वळला नाही.

रात्री मला झोप लागली नाही. बरं झालं बोलले, असं एकदा वाटे. दुसऱ्याच क्षणी वाटे, काय मिळवलंस, त्या माणसाजवळ एक चांगली आठवण होती तीही काढून घेतलीस. सकाळी साडेसहालाच मी वर्ग उघडला. सगळी मशीनं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. सात वाजले. सातच्या बॅचची बाकीची मुलं आली. सव्वासात झाले. येणार नाही ती, मी मनाशी म्हणाले आणि हजेरीची वही मिटली.

तेवढ्यात रेणुका धापा टाकत जिना चढून आली. बस चुकली, म्हणाली. मग दारातच थांबली, घोटाळली.

"बाई, आबांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. मला त्याचा अर्थ काही कळला नाही."

"काय?"

"ते म्हणाले, बाईंना विचार, आता सूत किती निघतं?"

 माझे डोळे भरून आले होते आणि समोर वर्ग बसलेला. मी तिला हाताला धरून पहिल्या मशीनवर बसवलं, कागद चढवून दिला, आणि म्हणाले, "आबांना सांग, कमीच. पण आता धागा बघून सोडते."